लांबी

गुरांच्या लिलावाचा हॉल त्यांनी मला अकराव्या दिवशी उघडून दिला.
रक्त आधीच कुणीतरी धुतलं होतं.
फिनेलचा वास, आणि त्याच्या खाली अजून शेणाचा.
काउंटीचा माणूस म्हणाला, "मार्लिस,
शनिवारपर्यंत भिंत भिंतीसारखी दिसू दे."

मी भोकं बुजवते. बावीस वर्षं हेच.
खिळ्यांची, नळांची,
एकदा एका नवऱ्याच्या मुठीचं.
लांबी भरण्याआधी बोट घालून बघायचं,
आत किती पोकळ आहे ते.
आणि दर भोकामागे एक रेघ, पेन्सिलीनं,
बादलीच्या झाकणावर,
कारण बिल मी भोकावर लावते.

तेहतीस रेघा.
तेहतीस भोकं, दर सव्वाचार डॉलर.
काउंटीनं बिल मुकाट्यानं पास केलं.

अहवाल मार्चमध्ये आला, नेब्रास्काचा बर्फ चिखल होत असताना.
एक माणूस. एक रायफल. चार मिनिटं.
सव्वीस गोळ्या.
नऊ मृत.
नऊ बरोबर होतं. नऊ आम्हीच पुरले होते.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली.
मी हात वर केला, झाकण मांडीवर.
"उरलेली सात जुनी असतील," साहेब म्हणाले,
"खिळे, उंदीर, एखाद्या बैलाचं शिंग."
लोक हसले थोडे. हसायला मिळालं म्हणूनच बहुतेक.
उंदीर इतकं गोल कुरतडत नाही,
एवढंच बोलले आणि बसले.

एक गोष्ट बोलले नाही.
उत्तरेच्या भिंतीतलं एक भोक, छातीच्या उंचीवर,
त्याच्या कडा आत, माझ्याकडे उमललेल्या.
म्हणजे ते बाहेरून आलं होतं,
जिथे आपली माणसं उभी होती, बिल्ले लावलेली.
डेप्युटी थायरची बायको माझ्या शेजारीच बसली होती
बाळाचे मोजे विणत.

मग ती दुसरी माणसं आली.
परगावच्या नंबरप्लेटी, खांद्यावर कॅमेरे.
माझं झाकण त्यांनी आरतीच्या तबकासारखं धरलं.
"बाई, तुम्हीच खऱ्या."
मला बरं वाटलं. हे लपवत नाही.
दोन कप कॉफी पाजली त्यांना.
तिसऱ्या कपाला ते म्हणाले,
कुणी मेलंच नाही.
नऊ शवपेट्या रिकाम्या. रडणाऱ्या बाया भाड्याच्या.
माझ्या सातावर उभं राहून
त्यांनी नऊचं शून्य केलं.

दुपारी ते व्लास्टाच्या दारात गेले
आणि तिच्याकडे मुलाचा जन्मदाखला मागितला.
एमिल. सोळा वर्षांचा.
स्वतः वाढवलेलं वासरू विकायला आणलं होतं त्यानं.
वासरू जगलं. ते अजून तिच्याकडेच आहे,
आता बैलाएवढं, आणि कुणालाही शिंग लावत नाही.

मी झाकण फडताळात उलटं घातलं.
साहेबांना खोटं म्हणावं, तर ह्यांच्या पंगतीला बसावं लागतं.
ह्यांना हाकलावं, तर सव्वीसवर सही केल्यासारखं होतं.
दोन आठवडे कुणाचंच काम घेतलं नाही.

व्लास्टा एका संध्याकाळी आली. खसखशीचे कोलाचे घेऊन, गरम.
वाटलं, शिव्या देईल. मी खुर्ची पुढे केली.
ती उभीच.
"त्याचं कुठलं?"
"काय कुठलं?"
"त्या रेघांमधली. एमिल कुठं उभा होता मला माहीत आहे.
उत्तरेच्या भिंतीला टेकून."

माझ्या हातांना तेव्हाही लांबी लागलेली होती,
नखांत, वाळलेली, पांढरी.
मी झाकण काढलं. पुसलं नाही.
टेबलावर दिव्याखाली ठेवलं
आणि तिला ते सांगितलं,
कडांचं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग एका एका रेघेवर बोट ठेवत मोजू लागली,
आजीच्या चेक भाषेत, पुटपुटत, चर्चमध्ये म्हणतात तसं.
मी मनात मराठमोळ्या नव्हे, माझ्या साध्या आकड्यांनी तिच्याबरोबर.
चोवीस. पंचवीस.
सव्वीसवर माझा श्वास अडकला.
तिचं बोट पुढे सरकलं.