तार

धोटा उडाला तेव्हा मी टॉवेलची किनार बघत होतो.
ओठ फाटला. पुढचा दात हलला,
पडला मात्र नाही.

अशोक चौकात, जिना चढून,
वडनाल डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यापुढे धरला.
"मूळ मोडलंय, मधोमध. ही रेघ बघा."
बघितली.
ताण्यातला एक दोरा तुटला
की कापडात अशीच रेघ पडते,
वारभर पुढे गेल्यावर कळते.

"काढून टाका," मी म्हणालो.
"थांबा की. जीव आहे अजून."
बोटाने दाबून तिने दात जागेवर बसवला,
दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना बारीक तार बांधली,
वर मसाला, त्यावर निळा उजेड.
"आता चार महिने यांनी त्याला धरायचं.
तुम्ही फक्त चावायचं नाही."

चार महिने
कडक भाकरी आमटीत बुडवून,
शेंगाचटणी जिभेवर नुसती विरघळवून.
अंबव्वा म्हणाली,
"लग्नानंतर पहिल्यांदा हळू जेवताय."

रात्रपाळीला तुटका दोरा जोडताना
जीभ आपोआप तारेवर जायची.
गाठ अशी मारावी लागते
की फणीतून निघून जावी,
कुणाच्या बोटाला लागू नये.

तार निघाली. दात जरा करडा झालाय.
बाईंनी आरशाच्या दांड्याने वाजवून पाहिला,
मग शेजारचा, मग पुन्हा तो.
"रेघ गेली का?"
"रेघ राहणार. धरलंय मात्र."

तारेचा तुकडा मागून आणला,
मागाच्या खिळ्याला अडकवलाय.
धोटा अजून तोच आहे.