मधल्या सुट्टीतली शाळा

बस मला फाट्यावर सोडते
आणि डभोईकडे निघून जाते.
पुढचा दीड किलोमीटर माझा आणि एरंडाचा.

दोन खोल्या, एक ओसरी, एक कडुनिंब.
पटावर एकोणतीस.
फळ्यावर मी ओगणत्रीस म्हणते,
मनात एकोणतीसच.
जन्म बडोद्याचा, शाळा गुजराती,
नोकरी गुजराती, भाजीवालीशी भांडण गुजराती,
आकडे तेवढे आईकडून आले ते आलेच.

"हाजर."
"हाजर."
"बेन, रोनक मामाना घेर गयो."
रोनक मामाकडे गेलेला नाही.
तो कपाशी वेचायला गेलाय, हे मला माहीत आहे,
मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.
मी पेन्सिलीने टिंब देते.
शाई संध्याकाळी.

पहिली-दुसरी खिडकीकडे तोंड करून,
तिसरी ते पाचवी फळ्याकडे,
मध्ये मी, दोन्हीकडे अर्धी अर्धी.
शेळी आत आली की हाकलायचं काम पाळीने.
आज अमरतची पाळी, म्हणून शेळी
निम्म्या वर्गाला भेटून मगच गेली.

भागाकारात बाकी उरते
तिचं पुढे काय होतं,
हे जिगीशा तडवी रोज विचारते.
राहू दे ती तिथेच, मी सांगते.
"तिथे म्हणजे कुठे, बेन?"
मी खडू बदलते.

गुरुवारी सुखडी.
कपिलाबेन गूळ चढवतात
आणि साताचा पाढा बेचाळीसपाशी अडतो.

चेंडू तळ्यात गेला तर गेला.
मगरीने आजवर कुणाला काही केलेलं नाही,
पण तिच्याकडे आमचे चार चेंडू आहेत.

आज मधल्या सुट्टीत
ओसरीवर शाळा भरली होती.
मी कडुनिंबामागे डबा उघडून बसले होते,
त्यांना दिसत नव्हते.
जिगीशा बेन झाली होती.
पायात माझ्या चपला, खांद्यावर कुणाची तरी ओढणी,
हातात एरंडाची काडी
(मी काडी घेत नाही. ही तिची भर.)
समोर सहा मुलं आणि एक वीट.
वीट म्हणजे रोनक.

हजेरी झाली. विटेपाशी ती थांबली,
हवेत एक टिंब काढलं.
मग अमरतची पाटी बघून कपाळाला हात लावला:
"अगं बाई! अरे देवा, काय हे अक्षर!"

स्वच्छ मराठीत. माझ्या आईच्या सुरात.
या गावात मराठीचं एक अक्षर
कुणी कुणाला शिकवलेलं नाही.
मला वाटायचं, हे मी मनात म्हणते.
मुलं हसली नाहीत.
खऱ्या शाळेत हसतात, या शाळेत शिस्त होती.

मग ती दारात गेली,
चौकटीला खांदा टेकवून
फाट्याकडे बघत उभी राहिली.
वर्ग थांबला. सुखडीचा हात अर्ध्यावर थांबला.
"आता काय करतात बेन?" धर्मिष्ठाने विचारलं,
ती पहिलीतली, तिला अजून सगळं माहीत नाही.
"बस जुए छे," जिगीशा मागे न वळता म्हणाली.
"रोज बघतात. तेव्हा बोलायचं नसतं."
आणि खरंच कुणी बोललं नाही.
किती वेळ बघतात बेन?
पुरेसा वेळ.

मी हातपंपावर डबा धुतला. रिकामा होता,
तरी दोनदा धुतला.
घंटा उशिरा दिली.

दुपारी दाराकडे पाठ करून शिकवलं.
अमरतचं अक्षर बघून काहीच म्हटलं नाही,
तेव्हा तो घाबरला:
"बेन, तब्येत बराबर नथी?"

साडेचारला शाळा सुटली. वीट ओसरीवर तशीच,
तिच्यापुढे पानावर सुखडीचा एक तुकडा,
मुंग्या लागलेला.
उचलावी म्हणून वाकले. नाही उचलली.
रजिस्टर उघडलं. अठ्ठावीस जणांवर शाई फिरवली,
रोनकच्या टिंबावर पेन टेकवून ठेवलं
आणि तेवढ्यात पाचच्या बसने
फाट्यावर दोनदा हॉर्न दिला.

धावले, अर्थात.
चपला अजून जिगीशाने घातल्यासारख्या,
पट्टे घट्ट ओढलेले.
पुढची साडेसहाला.