पर्यायी विमानतळ

माझं कामच हे.
सांताक्रूझच्या खिडकी नसलेल्या खोलीत, रात्रपाळीला
दोन विमानतळांमधे रेघ ओढायची,
तिच्यावर वारा मांडायचा, वजन मांडायचं,
इंधनाचा आकडा सही करून वैमानिकाच्या हातात द्यायचा.
एक रकाना मात्र कधीच रिकामा सोडायचा नाही :
उतरता आलं नाही, तर कुठे?

मुंबई-नागपूर, सहाशे ब्याऐंशी किलोमीटर.
कोर्टाच्या कागदात तेच अंतर
'महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार' असं टाइप केलंय.

उत्पला आठ वर्षांची.
गळ्यात प्लास्टिकचं पाकीट, त्यात तिचे कागद.
मी ओळखपत्र दाखवतो, सही करतो,
मग मला माझी मुलगी मिळते.

"पप्पा, तुमच्याकडे यायला वीस मिनिटं जास्त लागतात.
आईकडे पटकन पोचते मी."
वारा, मी म्हणतो.
थंडीत वर पश्चिमेचा असतो,
जाताना पाठीला लागतो, येताना तोंडावर.
ती मान हलवते.
मोठ्यांची कारणं ऐकून घ्यायची सवय आहे तिला.

आज धावपट्टीला रांग होती.
तिच्या विमानाने तीन घिरट्या घातल्या.
मी बाहेर, कठड्याला टेकून, फोनवर तो ठिपका बघत होतो,
शेजारचा उंचीचा आकडा उतरत नव्हता.
राखीव इंधन किती असतं, मला तोंडपाठ.
तरी हाताचा घाम दोनदा पँटला पुसला.

आली ती मूठ आवळूनच.
टिश्यूत दात, वरचा, डावीकडचा.
"विमानात पडला. मी लगेच ताईंना वेळ विचारली.
दहा बावन्न.
आता सांगा, कुठे पडला?"

कमानीच्या सिग्नलला टॅक्सी अडकलेली.
बोर्डिंग पासच्या मागे मी रेघ ओढली.
दहा सोळाचं उड्डाण, छत्तीस मिनिटं,
समोरून सत्तर नॉटचा वारा.
"चिखली मागे पडली होती. जाफराबाद यायचं होतं."
"तिथे विमानतळ आहे?"
"नाही गं. शेतं आहेत."
"म्हणजे सगळे वरूनच जातात?"
"वरूनच."

तिने पेन ओढून घेतलं,
रेघेवर ठिपका दिला, इतका जोरात की कागदाला भोक पडलं.
मग बोटाच्या पेरांनी इकडचं मोजलं, तिकडचं मोजलं.
"सारखंच!"
आणि खूश झाली, जिभेने ती खिंड चाचपत बसली.
मला वाऱ्याचा हिशेब पुन्हा एकदा करावासा वाटला.
केला नाही.

विमानतळ ते घर, सात किलोमीटर.
सव्वा तास झाला.
डोक्यावरून एक विमान खाली आलं, चाकं काढलेली,
टॅक्सीच्या काचा थरथरल्या.
"नागपूरचं," ती डोळे मिटूनच म्हणाली.
भूजचं होतं. या वेळेला भूजचंच असतं.
मी काही बोललो नाही.