राणीऐवजी बूच

समाजमंदिराच्या अर्ध्या भागात मंडपाचे बांबू, कनाती,
गणपतीचा बंद पडलेला ॲम्प्लिफायर;
उरलेला अर्धा आमचा.
सहा ते नऊ. लाइट असली तर.
भिंतीपलीकडे जालन्याचा सळईचा कारखाना,
रात्रपाळी सुरू झाली की कॅरमवरच्या सोंगट्या
कुणी हात न लावता जराशा सरकतात.
पोरं म्हणतात, हा फाऊल कंपनीचा.

नियम पोरांनीच केला, मी फक्त खडूनं लिहिला:
सोल्युशन ओढून आलेल्यानं खेळायचं नाही.
बसायचं मात्र. त्याला घरी पाठवायचं नाही.
निकिता म्हणाली, "सर, 'बाहेर' लिहा.
सगळ्यांला घर कुठंय?"
मी पुसलं. बाहेर लिहिलं.

सिद्धोधन अकरा संध्याकाळी नुसता बसला.
भंगाराच्या गोण्या उचलून खांदा एका बाजूला कललेला,
शर्टाच्या बाहीला पंक्चरच्या दुकानाचा वास.
वय विचारलं की पंधरा म्हणतो, कधी सतरा,
समोरचा पोलीस आहे की काम देणारा, ते बघून.
बसल्या दिवसाची एक रेघ भिंतीवर कोळशानं ओढायचा,
शेजारी खेळणाऱ्यांचे गुण मांडायचा,
आणि एकदाही चुकला नाही.
मुजम्मिलनं दोन गुण जास्तीचे मागितले
तर म्हणाला, "हिशेबात गुत्तेदारी नाही चालायची."

त्याच आठवड्यात राणी हरवली.
मी कुणाला विचारलं नाही, खिसे तपासले नाहीत.
खरं सांगायचं तर नवी आणायला पैसेही नव्हते.
सोड्याच्या बाटलीचं लाल बूच ठेवलं मधोमध.
बूच सरळ जात नाही,
भोवऱ्यासारखं फिरतं, कडेला जाऊन लोळतं.
ते घ्यायचं तर मनगट वेगळं लागतं.
पंधरा दिवसांत अख्ख्या वस्तीला ते मनगट आलं.

बाराव्या संध्याकाळी सिद्धोधनच्या बाहीला साबणाचा वास.
खेळला.
तेराव्या दिवशीही, अगदी विसाव्यालाही.
संस्थेच्या अहवालात रकाना होता,
'व्यसनमुक्त झालेल्यांची संख्या'.
मी घाईनं लिहून टाकलं: एक.

एकविसाव्या रात्री फोन. चौकी. तांब्याची तार, चार किलो.
हवालदार अर्धवट झोपेत, रजिस्टर पुढं ओढत म्हणाला,
"तुम्ही कोण लागता याचे?"
मला शब्द सापडेना.
मनगटावरचा सळईचा जुना डाग खाजवत राहिलो.
या बाकावर मीही बसलो होतो एकदा,
सकाळपर्यंत कुणी आलं नव्हतं.
"लिहा, ओळखीचा."
"ओळखीत कुणी रात्री अडीचला येतं का?"
असं म्हणून त्यानंच लिहिलं: काका.

स्टँडवर चहाची पहिली उकळी.
सिद्धोधननं खारी दोनदा बुडवली, दोनदा तुटली.
मग खिशातून राणी काढून टेबलावर ठेवली.
"हरवली नव्हती. मीच ठिवली होती.
बघायचं होतं, तुम्ही खोली बंद करता का काय."
"मग?"
"बूच लावलं की तुम्ही."
आणि राणी परत खिशात घातली.
मीही मागितली नाही.

संध्याकाळी आला तेव्हा बाहीला तोच वास.
कुणी काही बोललं नाही,
निकितानं फक्त सतरंजीचं टोक त्याच्याकडं सरकवलं.
तो भिंतीला टेकला, कोळसा घेतला,
जुन्या अकरा रेघांच्या खाली
नवी पहिली ओढली.
अहवालातला 'एक' मी अजून खोडलेला नाही.

पलीकडे सळयांचा भारा पडला धाडकन.
बूच आपोआप हललं.
मुजम्मिल ओरडला, "फाऊल!"
कोपऱ्यातून सिद्धोधन म्हणाला,
"कंपनीचा हाय. मांड परत."