बोये तेच

बर्फाच्या फॅक्टरीमागे सोसायटीच्या ऑफिसात
तीन दिवस एक पिवळी पट्टी येतेय
स्क्रीनच्या कपाळावर, हळद लावल्यासारखी:
तुमचा ब्राउझर जुना झाला आहे.
मी फुली दाबून पुसते.
मला काय सांगतोस रे,
मी याच खुर्चीत जुनी झालेय.

पण काल डिझेलच्या कोट्याचा फॉर्म उघडेना.
बँकेनंही दार लावून घेतलं.
बाहेर अकरा नाखवे, हातात परवान्यांच्या झेरॉक्स,
आणि रत्नदीप धाको म्हणतो,
बाय, तुमचं मशीन संपावर गेलं काय?

म्हणून आज निनाद आला. टपक्यांचा, धाकटा.
बोटांना अजून वेफर्सचं मीठ.
पाच मिनिटं, म्हणाला.
पाच मिनिटांत सुकती लागते
आणि होडी गाळात बसते, मी म्हटलं.
आधी माझ्या खुणा बघ.

वरच्या ओळीत, डावीकडून:
भरतीचं कोष्टक. वारा. बाबूचं जहाज.
ससून डॉकचा भाव.
खात्याची परिपत्रकं, जी उघडता उघडता चहा निवतो.
एकीचं नाव नुसतं "नीट".
कशाची ते मला आता आठवत नाही,
तीही घे.
आणि अक्षरं सव्वापट ठेव, चष्मा गेल्या दिवाळीचाच आहे.

माझा बाप जाळं बदलायचा तेव्हा
जुनं आधी वाळूवर पसरायचा,
मांडी घालून एकेक बोया सोडवायचा.
सुतळी कुजली, मग नायलॉन आलं, तेही विरलं.
बोये तेच.
प्रत्येकावर चाकूनं कोरलेल्या दोन रेघा, एक टिंब.
दर्यात शेजारी जाळं ओळखत नाही, म्हणायचा,
बोया ओळखतो.

निनादला हे सांगितलं.
हां, त्यालाच एक्सपोर्ट म्हणतात, तो म्हणाला.

एक फाईल झाली. एकशे बारा केबी.
एवढंच?
एवढंच. एका फोटोत अशा वीस बसतील.
एकोणीस वर्षं,
सुक्या बोंबलाइतकी हलकी.
पेनड्राइव्ह मी चष्म्याच्या डबीत ठेवला
आणि डबी मांडीवर.

मग निळी रेघ सरकू लागली.
नव्वदवर आली तशी
पलीकडे बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं.
ते सुरू झालं की आमच्याकडचा दिवा डोळा मारतो.
निनादनं श्वास धरला.
म्हणजे त्यालाही खात्री नव्हती तर.

उघडला.
सगळे कोपरे गोल, पाण्यात झिजल्यासारखे.
मेनूच्या जागी तीन टिंबं.
आणि वरची ओळ? ओळच नाही.
माझ्या पोटात खड्डा पडला.

त्यानं तीन बटणं एकदम दाबली.
ओळ आली, पण तिच्यात एकच पिशवी,
पिशवीवर लिहिलेलं: आयात केलेले.
आयात? मी म्हटलं,
आम्ही इथलेच. वेसाव्याचे.
मुंबई नंतर आली आमच्याकडे.
तो हसला, एकेक बाहेर ओढून लावत गेला,
मी जागा सांगत गेले.
वारा भरतीच्या उजवीकडे. हां. तिथंच.

बाबूच्या जहाजावर दाबून पाहिलं:
हे पान सापडत नाही.
कसं सापडेल, जहाज कधीच भंगारात गेलं,
बाबू यारी रोडला शाळेची बस चालवतो,
दुपारी घरी येऊन माझ्याकडेच जेवतो.

पुसून टाकू?

नको. ओळ हलेल.
माझा हात न बघता चौथ्या जागी जातो,
तिथं भाव असतो.
मधली एक गेली
तर मी रोज सकाळी भावाच्या जागी
परिपत्रक वाचत बसेन.

निनादनं खांदे उडवले, सॅक उचलली,
पैसे घेतले नाहीत, दोन पापलेटांचं कबूल करून गेला.
मागे जायचा बाण अजून मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय.

पण फॉर्म उघडला.
धाको, ये. परवाना दाखव.
होडीचं नाव?

तेच, बाय.