नऊ दोऱ्या

महालातून खजिनदाराचा माणूस आला
मागच्या दाराने, कालव्याच्या बाजूने,
आणि माझ्या ओल्या फळीवर ठेवल्या त्याने
नऊ दोऱ्या. प्रत्येकीला एक गाठ,
गाठीपर्यंत एक डोकं.
नावं नाहीत.
"टोप्या लाल. नाताळाच्या आधी."
"किरमिजी," मी म्हटलं.
"तेच ते. आणि तोंड बंद, आलाझाइस."

बंदच असतं माझं तोंड.
शिरक्याच्या वाफेत कोण उघडेल?
पण आव्हिन्यों असं गाव, की
भिंतींना कान नसले तरी नाकं आहेत.
रंगाचा वास सुटला, आणि दुसऱ्याच दिवशी
आर्चडीकनचा भाचा चीज घेऊन दारात.
"किती आहेत गं?"
"काय, किडे? साडेतीन पौंड."

मे महिन्यात, पहाट फुटायच्या आधी, कंदील धरून
आम्ही बायका खुडतो ते काटेरी ओकवरून.
त्यासाठी वर्षभर वाढवलेली नखं,
ज्यांना प्रवचनात नावं ठेवली जातात.
मादी पोटुशी असतानाच मारावी लागते,
नाहीतर रंग धरत नाही.
महालात हे कुणी विचारलं नाही.

रात्री दोऱ्या पुन्हा मोजल्या.
आठ ऐसपैस. नववी
झोपलेल्या माझ्या पेइरच्या डोक्याला
बरोब्बर बसली. पेइर चौदाचा.
कुणाचा तरी पुतण्या असणार.
कुणाचा, हे कळायला धर्मशास्त्र लागत नाही.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी घंटा वाजल्या.
पुलाजवळच्या चिखलात मीही उभी.
लोक घराणी ओरडत होते, गावं ओरडत होते,
कोण राजाचा, कोण बँकवाल्यांचा.
मला नुसत्या कढया दिसत होत्या:
तो तिसरा, त्या दिवशी कालवा गढूळ होता,
जरा काळवंडलाय.
पाचवा मात्र! पाचव्याला तुरटी नेमकी पडली होती.
नववा टोपीखाली रडवेला,
दोन्हीकडून गोंडे लोंबत होते
आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्याच उन्हाळ्यात तो तापाने गेला.
टोपी टांगली आहे त्याच्या थडग्यावर, छताला,
आपोआप पडेपर्यंत काढायची नाही, अशी रीत.
दर रविवारी मान वर करून बघते मी.
रंग तसाच आहे.
काठाला कसर लागली आहे,
आणि एक कसर माझ्या वहीत:
नववीचे चार फ्लोरिन
अजून यायचेत.