दुसऱ्यांदा चिकटताना

पेलोतासच्या दंत महाविद्यालयात, तळघरात,
आइसक्रीमच्या डब्यातून येतात गाईंचे दात.
दर मंगळवारी. कत्तलखान्याचा पोरगा मोटारसायकल चालूच ठेवतो,
डबा फ्रीजवर टेकवतो, सही घेतो, जातो.
झाकणावर अजून शाबूत असतं: पेरू, दोन लिटर.

मी जुरांदीर. यंत्र माझ्या ताब्यात.
दात घासायचे, राळेत रोवायचे, नंबर घालायचे,
पगार त्याचाच.
बाबा याच कत्तलखान्याच्या फाटकावर उभे असत,
जनावराचा ओठ वर करून बोलत:
ही दोनदाती, ही चारदाती, ही जुळलेली.
आकडा वहीत. जनावर आत.

लिंदाउरा यंदाची. चश्म्याला चिकटपट्टी लावलेली,
जेवण विसरणारी.
तिचा प्रश्न चार शब्दांत मावतो:
निघालेला ब्रॅकेट पुन्हा धरेल?
आणि उत्तरासाठी नव्वद गाई.

तीन वाट्या मांडल्या.
पहिलीत कोरे, पाकीट फोडून काढलेले.
दुसरीत जुने, पाठ वाळूच्या फवाऱ्याने खरवडलेली.
तिसरीत ज्योतीवर धरून जुना डिंक जाळलेले,
कढईच्या बुडासारखे काळे.
ब्रॅकेट केवढा, तर तांदळाची कणी.
पाठीला जाळी. त्या जाळीत
आधीच्या दाताची आठवण म्हणा, नाही तर घाण म्हणा,
भिंगातून दोन्ही सारखंच दिसतं.

मग यंत्र.
पातं खाली येतं, मिनिटाला अर्धा मिलिमीटर,
गोगलगायीला लाज वाटावी.
आकडा चढतो, चढतो, आपण श्वास धरून
आणि टक्.
कणी उडते ती थेट कपाटामागे.
मी गुडघ्यांवर, हातात लोहचुंबक,
लिंदाउरा वरून विचारते, सापडला?
सापडतो. सोबत एक पिन, एक जुनं नाणं.

कोऱ्यांनी सगळ्यांत जास्त तग धरला.
खरवडलेले त्यांच्या मागोमाग, फार मागे नाहीत.
जळलेले पिकल्या फळासारखे गळाले.
लिंदाउरा खूश, पण प्रोफेसर सेवेरियानो
एक कोरा ब्रॅकेट चिमट्यात धरून उजेडाकडे वळले:
याने जाताना दाताचा कपचा नेलाय.
बघ, म्हणाले, आणि पुढे काही न बोलता
चहा घ्यायला गेले.

त्याच आठवड्यात वर दवाखान्यात एदवानिया आली.
चौदा वर्षांची. आई लारांजालच्या बाजूला घरं झाडते.
शेंगदाण्याच्या चिक्कीनं घात केला होता.
निघालेला ब्रॅकेट तिनं बसच्या तिकिटात गुंडाळून आणला,
तिकिटाला सात घड्या.
नव्याचे पैसे नव्हते. लिंदाउरा म्हणाली, हाच लावू.
पोरगी जरा गप्प. मग:
"पण माझाच ना?
दुसऱ्या कुणाचा नाही ना मिसळणार त्यात?"

तळघरात नव्वदांच्या गर्दीत
मी तो वेगळा ठेवला, काचेच्या बशीत,
बशीखाली तिकीट.
फवारा दहा सेकंद. जाळी भिंगाखाली. कोपऱ्यात अजून एक ठिपका.
आणखी दोन सेकंद.
यंत्राला नाही दाखवला.
ज्याचा आकडा कळतो
तो मग तोंडात लावता येत नाही.

कापसात ठेवून वर नेऊन दिला.
दारातूनच पाहिलं: निळा दिवा, घट्ट मिटलेले डोळे,
वरचा डावा सुळा.
जाताना ती माझ्याकडे बघून हसली.
मी हात तोंडावर नेला. माझा पुढचा दात
शेजाऱ्याच्या अंगावर चढलेला, लहानपणापासून.
आमच्या घरी ओठ वर करून बघायचे
ते फक्त गाईंचे.

आता मंगळवार आला की जिन्यात लिंदाउराला गाठतो.
पडला का?
नाही अजून.
चिक्की?
खाते म्हणे, उजव्या बाजूनं.

आज डबा वेगळा होता. नारळ.
झाकण उघडलं,
पहिलाच दात हातात घेतला,
आणि सवयीनं पुटपुटलो: सहादाती.